शेक संपल्यानंतरचा तुकडा

तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया व त्यापाठोपाठ किरणोपचार, ज्यास आपले लोक ‘शेक’ म्हणतात, यथासांग पार पडून वर्ष-दीड वर्ष लोटल्यावर जिभेच्या कडेस अथवा गालाच्या आतल्या अंगास एखादा पांढरा वा लाल चट्टा उमटतो, त्याचा तुकडा तपासणीस जातो, आणि अहवालात ‘डिस्प्लेसिया’ हा शेरा आला की घरची मंडळी रोग उलटला असे धरून चालतात. वास्तविक या शेऱ्याचा अर्थ इतकाच की अस्तराच्या पेशींची ठेवण बिघडली आहे. आपल्या थराची हद्द ओलांडून त्या खाली उतरलेल्या नाहीत. त्या उतरल्या असतील तर अहवालात ‘इन्व्हेझिव्ह’ हा शब्द येतो, आणि मग मात्र दिरंगाई नको.

बिघाड सौम्य असल्यास पुष्कळदा नजर ठेवणे पुरते. तीव्र असल्यास तो भाग काढून टाकणेच बहुधा श्रेयस्कर. १९५३ साली स्लॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की गाठ एके ठिकाणी दिसली तरी आसपासचे अस्तरही बिघडलेले असते. तंबाखू आणि मिश्री काही एकच कोपरा निवडून बसत नाहीत. म्हणूनच गाठ समूळ काढल्यावरही शेजारी नवा बिघाड संभवतो, आणि तेवढ्यावरून शल्यविशारदास दोष देणे रास्त नव्हे.

परंतु खरी मेख शेकातच आहे. किरणांनी पेशी फुगतात, त्यांची केंद्रके वेडीवाकडी होतात, आणि ही विकृती महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकून डिस्प्लेसियाचा हुबेहूब आभास निर्माण करते; अशा वेळी शेक केव्हा संपला हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञाने काय ओळखावे? तरीही तपासणीच्या चिठ्ठीवर ‘गालाचा तुकडा’ एवढीच त्रोटक नोंद करण्याची आम्हा डॉक्टरांची खोड जात नाही. तेव्हा तुम्हीच जुने दप्तर, पहिल्या शस्त्रक्रियेच्या काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक रुग्णालयातून मागून घ्या व ते नव्या तुकड्याबरोबर अनुभवी तज्ज्ञास दाखवा. प्रतवारीबाबत दोन जाणत्यांचे एकमत न होणे ही नित्याची गोष्ट आहे, त्यामुळे फेरतपास मागण्यात कोणाचा अवमान नाही.

उलटपक्षी, ‘दोष नाही’ असा अहवाल म्हणजे कायमचा दाखला समजू नये. तुकडा चुकीच्या जागेचा निघू शकतो, आणि रोग उलटण्याचे बहुतांश प्रसंग पहिल्या दोन वर्षांतच घडतात. व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, जीभ जड झाली किंवा मानेत गाठ हाताला लागली, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका.