रोजा दिवसाचा, बंदोबस्त रात्रीचा

रोजा दिवसाचा असला तरी त्याचे आरोग्य रात्रीच्या हाती असते, ही गोष्ट परमुलखात शिकावयास जाणाऱ्या प्रत्येक रोजेदार विद्यार्थ्याने प्रस्थानापूर्वीच मनावर बिंबवून घ्यावी, असे मला अनुभवान्ती कळकळीने सांगावेसे वाटते. दिवसभराची तहानभूक निरोगी तरुण शरीर बहुधा निमूटपणे सोसते. ते खचते ते रात्री न मिळालेल्या पाण्यामुळे, अन्नामुळे आणि त्याहूनही अधिक निद्रेमुळे.

रत्नागिरी जिल्ह्यातील ज्या खाडीकाठच्या गावात माझे बालपण गेले, तेथे ऐन जूनमधला रोजाही साडेचौदा तासांच्या फारसा पलीकडे जात नाही. शिवाय सहरीला उठवावयास आई असते, तांदळाची भाकरी आणि वाटीभर दही आयते पुढ्यात येते, आणि सारा मोहल्ला एकाच वेळी उठत-निजत असल्यामुळे शरीराची निगा आपण वेगळी न राखताही राखली जाते. 2015 साली मी संशोधनासाठी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी होतो, आणि त्या वर्षी रमजान 18 जूनला, म्हणजे तेथील सर्वांत दीर्घ दिवसांतच, सुरू झाला. त्या उत्तर अक्षांशावर जूनमधला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, संधिप्रकाश रात्रभर पुरता विझत नाही, आणि रोजा सुमारे 19 तासांचा होतो. उरलेल्या पाच तासांत इफ्तार, मगरिब, इशा, तरावीह, सहरी आणि निद्रा या सर्वांची सोय लावावयाची, आणि सकाळी नऊला प्रयोगशाळेत हजेरी द्यावयाची ती द्यावयाचीच.

घरी पुरी पडलेली दिनचर्या तेथे पुरी पडेना. इफ्तारला एकदमच पोटभर पाणी, मग सहरीपर्यंत जागरण आणि फजरनंतर जेमतेम चार-पाच तासांची झोप, या क्रमाने पहिला आठवडा निभावला. दुसऱ्या आठवड्यात डोके जड राहू लागले, वाचलेले ध्यानात राहीना, लघवी थोडी आणि गडद होऊ लागली, आणि एके दुपारी प्रयोगशाळेच्या जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी खाली बसलो. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी प्रथम पाणी घ्यावयास लावले, आणि मग रात्री मी केव्हा, काय आणि किती घेतो व किती निजतो, याचा तपशीलवार हिशेब मागितला. त्या हिशेबातून जी व्यवस्था लागली, तिच्या आधाराने पुढचे रोजे सुखरूप पार पडले. आणि सुटलेला तो रोजा मी डिसेंबरात, जेव्हा तेथे पावणेचारलाच सूर्य मावळतो, शांतपणे भरून काढला.

ती व्यवस्था अशी. पाणी एकदम न पिता इफ्तारपासून सहरीपर्यंत पेल्या-पेल्याने विभागून घ्यावे, आणि बाटली उशाशी ठेवावी. इफ्तार खजूर आणि पाण्याने करून नमाजनंतर साधे जेवण घ्यावे. भजी-समोशांनी पोट भरले की पाण्याला जागा उरत नाही आणि झोपही बिघडते. सहरी कधीही चुकवू नये, आणि तीत भाकरी किंवा ओट्स, अंडी, डाळ, दही असे सावकाश पचणारे अन्न असावे. लोणचे, सुकट, पापड यांसारखे खारट पदार्थ दुपारची तहान वाढवितात, म्हणून ते टाळावेत. चहाची सवय रमजानपूर्वी आठवडाभर आधी हळूहळू कमी करावी, म्हणजे पहिल्या दिवसांतील डोकेदुखी टळते. जेथे रात्र अपुरी, तेथे फजरनंतरची झोप आणि दुपारची अर्ध्या तासाची डुलकी मिळून तिची भरपाई करावी. आणि त्यासाठी मार्गदर्शक प्राध्यापकांना आधीच सांगून कामाची वेळ उशिराची मागून घेण्यात संकोच मानू नये.

मुलूख बदलला की धोकाही बदलतो. आखाती देशांत कामाचे तास कमी होतात, परंतु बाजार आणि भेटीगाठी पहाटेपर्यंत चालतात, तेव्हा तेथे विद्यार्थ्याने स्वतःला वेळेवर निजण्याची शिस्त लावावी आणि भर उन्हातील पायपीट टाळावी. विषुववृत्तालगतच्या क्वालालंपूरमध्ये रोजा बारमाही साडेतेरा तासांच्या आसपास असतो. तेथे घाम आणि रमजान बाजारांतील साखरेची सरबते यांपासून सावध राहावे. मेलबर्नला जूनमधला रोजा अवघा अकरा तासांचा असतो, मात्र तेथील दीर्घ रात्री अतिभोजनास मोकळीक देतात. इस्लामी वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. म्हणून थोरल्या भावाचा अनुभव धाकट्याला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, अपस्मार किंवा नित्य औषधे असणाऱ्यांनी सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांची भेट घ्यावी आणि औषधांच्या वेळा स्वतःच्या मनाने कदापि बदलू नयेत. इन्सुलिन घेणारा एक सहाध्यायी हात कापत असताना, घामाने भिजलेला असताना, रोजा मोडणे हा कसूर समजून साखरपाणी नाकारीत होता. आम्ही आग्रहाने ते पाजले म्हणून अनर्थ टळला. रक्तातील साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तत्काळ सोडावा, असा वैद्यकीय दंडक आहे, आणि बोट टोचून ती तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. भोवळ, भ्रम, वारंवार उलटी किंवा लघवी बंद होणे, हेही तसेच इशारे आहेत.

आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजा पुढे भरून काढण्याची मुभा कुराणातील सूरह बकरामध्येच दिलेली आहे; ती स्वीकारण्यात श्रद्धेची उणीव नाही. ज्याने ही इबादत फर्ज केली, त्यानेच ही सवलतही ठेवली, हे लक्षात घेऊन, घरापासून दूर एकट्याने रोजे धरणाऱ्या माझ्या धाकट्या भावंडांनो, आपल्या खोलीशेजारच्या एका तरी माणसाला आपण रोजेदार आहोत हे सांगून ठेवा, आणि पहिल्या सहरीच्या आधी आपल्या रात्रीचा आराखडा कागदावर मांडा.