क्रोशाचे टोपडे आणि सहाचा पाढा

इन्सुलीसारख्या दमट हवेच्या गावी लोकरी स्वेटर शिकविण्याचा अट्टाहास कशास? येथे अंगास मानवतो तो सुती दोरा. म्हणून चौथी-पाचवीच्या मुलामुलींस क्रोशाच्या सुईने पहिले काम द्यावे ते बाळाच्या टोपड्याचे. घरी वा शेजारी भेट द्यावयास तान्हे मूल बहुधा असतेच.

साखळीचा वेढा करून त्यात ६ मुके खांब, म्हणजे आखूड टाके, घालावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणून १२; तिसरीत एकाआड एक टाक्यात दोन, म्हणून १८; चौथीत २४. सहाचा पाढा म्हणत चकती सपाट वाढते. वाढ विसरली तर ती वाटीसारखी वळते, अधिक झाली तर कडेस चुण्या पडतात. शिक्षकाने सांगण्यापूर्वीच मुलास आपली चूक दिसते.

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटीमीटर असतो. सातवीच्या मुलांकडून त्यास २२/७ ने भागून घ्यावे. व्यास सुमारे ११ सेंटीमीटर येतो. चकती तेवढी झाली की वाढ थांबवावी. मघाशी नको असलेली वाटी आता हवी आहे!

प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलांची कामे आपणच पुरी करण्याची खोड आपणांपैकी पुष्कळांस असते. मलाही होती. एका मुलीने मी नीटस केलेले टोपडे हाती घेतले, उलटसुलट पाहिले आणि "हे माझे नव्हे" म्हणून मेजावर ठेवले. तिच्या भावाचे बारसे दोन दिवसांवर होते. आता वेडेवाकडे टोपडेही तसेच मांडतो. उसवायचे झाल्यास दोरा मूलच ओढते.