सागरतळाचा रोजगार : आकर्षण आणि वास्तव

बुलढाणा जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही; तथापि येथील एखाद्या तरुणाने 'स्कूबा' मार्गदर्शकाच्या कामाविषयी विचारणा केल्यास शिक्षक व पंचायत सदस्यांस त्याचे वास्तव सांगता आले पाहिजे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने सिंधुदुर्ग जिल्ह्यात तारकर्ली येथे या विद्येची प्रशिक्षण संस्था उभारली आहे.

विहिरीत बुडी मारणारा श्वास रोखून धरतो. पाठीवर हवेची टाकी असणाऱ्याने तो कधीही रोखावयाचा नसतो. दर १० मीटर खोलीस सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. वर येताना दाब घटून फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते. ती कोंडल्यास फुप्फुस फाटू शकते. घाईने वर आल्यास शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधे व मज्जारज्जू यांस इजा पोहोचते. म्हणून मासे दाखविण्यापेक्षा नवख्या पर्यटकास सुखरूप वर आणणे, हेच मार्गदर्शकाचे मुख्य कर्तव्य होय.

उर्वरित वेळ जड टाक्या वाहणे, त्यांत हवा भरणे व साहित्य गोड्या पाण्याने धुणे यांत जातो. पावसाळ्यात दर्या खवळला की काम थांबते, मिळकतही थांबते.

यास्तव उमेदवाराने शुल्क भरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि वेतन, विमा व पावसाळ्यातील काम यांविषयी लेखी खुलासा मागावा.