स्वयंरोजगारातून जर्मनीत निवास

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गावरील मॅक्समुल्लर भवनात जर्मन भाषेचे शिक्षण दिले जाते. या भाषेच्या देशात नोकरीप्रमाणेच स्वतःच्या व्यवसायाच्या आधारेही निवास परवाना मिळू शकतो.

जर्मन निवास कायद्याचे कलम २१ तीन गोष्टी तपासते : व्यवसायाची आर्थिक वा स्थानिक गरज, अर्थव्यवस्थेवरील अनुकूल परिणाम आणि स्वतःच्या अथवा मंजूर कर्जाच्या भांडवलाची निश्चिती. किमान गुंतवणुकीची अट २०१२ मध्ये रद्द झाली. त्यामुळे रकमेइतकेच महत्त्व योजनेच्या व्यवहार्यतेला आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या अर्जदारास वृद्धापकाळाची पुरेशी तरतूदही दाखवावी लागते. परवाना कमाल तीन वर्षांचा असतो. व्यवसाय यशस्वी होऊन कुटुंबाचा उदरनिर्वाह सुरक्षित असल्यास पुढे कायम निवास मिळू शकतो.

भारतातून भांडवल नेताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेनुसार प्रतिव्यक्ती, प्रति आर्थिक वर्ष अडीच लाख डॉलरची मर्यादा लागू होते. परदेशी कंपनीतील थेट गुंतवणुकीची नोंद अधिकृत बँकेमार्फत करावी लागते.

केवळ कंपनी स्थापन केल्याने निवासाचा हक्क प्राप्त होत नाही. म्हणूनच घर गहाण ठेवण्यापूर्वी वा आयुष्याची पुंजी परदेशी पाठविण्यापूर्वी योजना, परवाना आणि प्रेषण यांचा क्रम निश्चित करणे हिताचे ठरते.