हरताळ व मनशीळ : रंगाची मीमांसा

रायपूरच्या गोल बाजारात मसाले, पूजासाहित्य व जडीबुटी यांची दुकाने शेजारी शेजारी आहेत. अशा पेठांतील पसाऱ्याच्या व्यवहारात हरताळ आणि मनशीळ ही नावे फार जुनी. पोथीतील चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच रूढ झाला. दोन्ही खनिजे आर्सेनिक व गंधक यांचीच संयुगे होत. मग एक पिवळे व दुसरे तांबडे का?

आर्सेनिक हे धातू व अधातू यांच्या सीमेवरील मूलद्रव्य आहे. हरताळात त्याचा प्रत्येक अणू तीन गंधक-अणूंशी बद्ध असतो आणि प्रत्येक गंधक-अणू दोन आर्सेनिक-अणूंना जोडतो. त्यामुळे पापुद्र्यांसारखे थर बनतात. ही रचना जांभळा व निळा प्रकाश शोषून घेते; उरलेला प्रकाश सोनेरी पिवळा दिसतो. मनशिळेत चार आर्सेनिक व चार गंधक-अणूंचे पिंजऱ्यासारखे स्वतंत्र रेणू असून त्यांत आर्सेनिक-अणूंचे परस्परांशीही बंध असतात. येथे शोषण हिरव्या प्रकाशापर्यंत पोहोचते, म्हणून खनिज तांबडे दिसते. दीर्घकाळ उजेडात राहिल्यास मनशिळेचा पिवळा भुगा होतो. तो पुष्कळदा हरताळच समजला जाई. वस्तुतः घटकांचे प्रमाण तेच राहून रेणूतील बंधांची मांडणी तेवढी बदललेली असते. पॅरारिअल्गार या नावाने त्याचे स्वतंत्र वर्णन १९८० साली झाले.

तेव्हा रंग हा आर्सेनिकाचा नव्हे, बंधरचनेचा गुण होय. या भेदाला व्यवहारातही महत्त्व आहे. रायपूरच्या नैर्ऋत्येस, महाराष्ट्राच्या सीमेनजीक, अंबागढ चौकी भागातील भूजलात आर्सेनिक असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिकाला रंग नसतो. विषारी पाणीही निर्मळच दिसते. म्हणून प्रयोगशाळेत रंग उत्पन्न करावा लागतो. पाण्यातील आर्सेनिकाचे आर्सीन वायूत रूपांतर करून तो पिरिडीनमध्ये विरघळविलेल्या सिल्व्हर डायएथिलडायथायोकार्बामेटात सोडतात. त्या संयुगात गंधकाने धरलेले रौप्य मुक्त होते व आर्सेनिक गंधकाशी बद्ध होते. द्रावण तांबडे होते आणि ५३५ नॅनोमीटर तरंगलांबीजवळ त्याचे शोषण मोजून आर्सेनिकाचे प्रमाण काढतात. हा तांबडेपणाही मुख्यतः सूक्ष्म रौप्यकणांचा मानला जातो.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतक्या अल्प विषाची साक्ष डोळा देऊ शकत नाही. ती परीक्षणातूनच मिळवावी लागते.