धुरातील रेणूंची ओळख

डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्रातील अनुमान तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. आजचे रसायनशास्त्र त्याच धुराला आणखी काही प्रश्न विचारते. काय जळाले? किती वेळापूर्वी जळाले? आणि हा धूर श्वासावाटे आत गेल्यास अपाय कशापासून होईल? जून २०२३ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या वणव्यांच्या धुराने शेकडो मैल दूरच्या न्यूयॉर्क शहराचे आकाश नारिंगी झाले होते. तेव्हा हे प्रश्न केवळ पंडितांचे राहिलेले नाहीत.

त्यांची उत्तरे शोधण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे द्रव्यमान वर्णपटमापक, अर्थात मास स्पेक्ट्रोमीटर. असे उपकरण फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये तयार केले व १९२२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. याचे तत्त्व अवघड नाही. रेणूला विद्युत्‌भार दिला की त्याचा आयन होतो. असे आयन सारख्याच विद्युत्‌शक्तीने ढकलून निर्वात नळीत सोडले, तर हलके आधी पोहोचतात, जड मागाहून. या वेळेवरून त्यांचे वजन कळते.

लाकडात सेल्युलोज व लिग्निन हे प्रमुख घटक असतात. सेल्युलोज तापून फुटले की लेव्होग्लुकोसान हा शर्करेसारखा पदार्थ तयार होतो. लिग्निनपासून धुराचा ओळखीचा वास देणारे ग्वायकॉल मिळते. पेट्रोल-डिझेलमध्ये सेल्युलोज नसल्यामुळे लेव्होग्लुकोसान ही लाकूडफाटा जळाल्याची खूण मानतात. मात्र ती आपल्या चुलीच्या धुरातही सापडते. म्हणून एका खुणेवरून निवाडा करता येत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात नासा व नोआ या अमेरिकी संस्थांनी डीसी-८ विमानात अशी उपकरणे बसवून ते वणव्यांच्या धुरातून नेले. अशा कामी अचूकता किती लागते पाहा. फ्युरान व आयसोप्रीन या दोघांचेही रेणुभार ६८. पैकी आयसोप्रीन जिवंत झाडांची पानेही सोडतात, तर फ्युरान हा ज्वलनातून निघणारा विषारी पदार्थ. पण सूक्ष्म मापनात एक ६८.०२६ भरतो, दुसरा ६८.०६३. दशांशचिन्हापुढच्या एवढ्याशा फरकाने दोघे वेगळे ओळखता येतात!

धुराचे वयही असेच कळते. धुरातील कण तापवून त्यांचे आयन केले असता ताज्या धुरात ६० या वजनाची, लेव्होग्लुकोसानसारख्या शर्करांची खूण ठळक दिसते. उन्हात वातावरणातील रासायनिक क्रियांनी हे पदार्थ ऑक्सिडीकृत होतात; मग ६० ची खूण ओसरते आणि ४४ ची वाढते. अर्थात प्रवासात धूर केवळ विरळ होत नाही, त्याचे द्रव्यही बदलते.

या अभ्यासाचे मोल प्रयोगशाळेपुरते नाही. हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत, एवढ्याने धुराची पूर्ण ओळख होत नाही. एन-९५ मुखपट्टी कण अडवते. परंतु धुरातील बेंझीन व फॉर्मल्डिहाइड हे कर्करोगकारक वायू तिच्यातून आरपार जातात. धुरात काय आहे हे कळले, तरच त्यापासून बचाव कसा करावा हे ठरवता येईल.