मोटरहोममध्ये मुंग्या: फवारा हाती घेण्याआधी

उभ्या केलेल्या मोटरहोमचा जमिनीशी संबंध मोजक्याच ठिकाणी येतो. चाके, गाडी डळमळू नये म्हणून खाली सोडलेले जॅक, विजेची जाड केबल, पिण्याच्या पाण्याची नळी, सांडपाण्याची नळी आणि दाराशी ठेवलेली पायरी. एखादी फांदी छताला टेकली असेल तर ती आणखी एक वाट. रांगत येणाऱ्या मुंगीला या वाटांखेरीज दुसरा मार्ग नसतो. तरीही अमेरिकेत मोटरहोम घेऊन फिरणारी बहुतेक कुटुंबे ओट्यावरची रांग पाहतात आणि तिथेच फवारा मारतात. खाली वाकून गाडीच्या पोटाखाली बघायचे सुचते ते फार उशिरा, आणि तोवर मुंग्या भिंतीच्या पोकळीत शिरलेल्या असतात.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या एका कँपग्राउंडवर एका मराठी कुटुंबाच्या बाबतीत हे अगदी जवळून पाहायला मिळाले, कारण आमचा तंबू त्यांच्या शेजारीच होता. भारतातून आलेल्या आजी, मुलगा, सून, दोन शाळकरी नातवंडे आणि भाड्याची मोटरहोम. उन्हाळा सरत आला होता, आजूबाजूचे गवत वाळून पिवळे पडले होते. आजींनी मुंबईहून आणलेला बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा सिंकच्या वरच्या कपाटात होता. रात्री मुलाने दिवा लावला तेव्हा सिंकखालून निघालेली बारीक तपकिरी मुंग्यांची दोरी थेट त्या डब्यापर्यंत गेलेली होती.

मुलाने कीटकनाशकाचा डबा उचलला. आजी म्हणाल्या, “अरे, आधी कुठून येतायत ते बघ. मारायचं मागाहून.” पण एव्हाना फवारा मारून झाला होता. रांग मेली, सगळे झोपले. सकाळी मुंग्या न्हाणीघरात होत्या आणि धाकट्या नातवाच्या बिछान्याच्या कडेलाही.

असे का होते, ते समजून घेतले तर पुढचा सगळा उपाय सोपा होतो. ओट्यावर दिसतात त्या फक्त अन्न-पाणी शोधणाऱ्या कामकरी मुंग्या. राण्या, अंडी, अळ्या आणि बाकीचा मोठा गोतावळा बाहेर मातीत असतो. फवाऱ्याने त्या पन्नास-शंभर मुंग्या मरतात, वारुळाला धक्काही लागत नाही. शिवाय बरेच फवारे मुंग्यांना दूर पळवणारे असतात, त्यामुळे वाचलेल्या मुंग्या ती जागा टाळून दुसरी फट शोधतात. फॅरो मुंगीसारख्या काही जातींत तर त्रास झाला की वारूळच फुटते. राण्या आणि कामकऱ्यांचे गट वेगवेगळ्या दिशांना जाऊन नवी घरे करतात, आणि एकाच्या जागी चार वारुळे होतात.

त्या कँपग्राउंडवरच्या मुंग्या अर्जेंटाईन होत्या. दोन-तीन मिलिमीटरची ही मुंगी चावून त्रास देत नाही, पण चिकाटीत तिला तोड नाही. तिचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या पाराना नदीच्या खोऱ्यात. अमेरिकेत ती १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला आढळली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॅलिफोर्नियात पोहोचली. मुंग्यांची दोन वारुळे सहसा एकमेकांशी लढतात. ही मुंगी परक्या भूमीवर तसे करत नाही. सॅन दिएगोपासून सॅन फ्रान्सिस्कोच्याही उत्तरेपर्यंत, शेकडो किलोमीटर पसरलेली तिची वारुळे एकमेकांना आपलीच मानतात. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याने अशीच सुमारे ६,००० किलोमीटर लांबीची वसाहत असल्याचे संशोधकांनी २००२ मध्ये दाखवले. एकेका वारुळात अनेक राण्या असतात, म्हणून चार बादल्या उकळते पाणी ओतून हे संपेल अशी आशा धरू नये. कँपग्राउंडची जमीन मुंग्यांचीच राहणार. आपल्याला फक्त गाडी वेगळी राखायची आहे.

या मुंगीला पाणी लागते. वारूळ उथळ असते, ओलसर मातीत, दगडाखाली, लाकडाच्या भुशाखाली, रोज पाणी घातलेल्या हिरवळीच्या कडेला. माती कोरडी पडली की ती ओलाव्यामागे घरात येते, आणि हिवाळी पावसात वारूळ बुडाले की कोरड्या जागेसाठी पुन्हा घरातच येते. एअर कंडिशनरचे ठिबकणारे पाणी, गळणारा नळ, नळीच्या जोडावरचा थेंब हे तिला लाडवाइतकेच प्रिय. म्हणून जागा निवडताना सावली आणि हिरवळ यांच्या मोहात न पडता काँक्रीटचा किंवा खडीचा कोरडा पट्टा मागून घ्यावा. गाडी समतल करण्यासाठी चाकाखाली घालतात ते प्लॅस्टिकचे ठोकळे आतून पोकळ असतात. ते आठवडाभर दमट मातीवर राहिले तर त्यांच्याखाली वारूळ थाटलेले सापडू शकते.

जुन्या घरांत दूधदुभत्याच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवलेले असत. मोटरहोमचे शास्त्र नेमके तेच आहे. आजींनी सकाळी मुलाला गाडीभोवती एक फेरी मारायला लावली आणि वाट सापडली: सांडपाण्याच्या नळीवरून वर, नळी जिथे गाडीत शिरते तिथल्या फटीतून आत, तिथून सिंकखाली. चाकांवर एकही मुंगी नव्हती.

वाट सापडल्यावर काय करायचे, याचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा साबणाच्या पाण्याने रांग पुसून काढावी, आतली आणि नळीवरचीही. मुंग्या चालताना गंधाचा माग सोडतात आणि मागच्या मुंग्या तो हुंगत येतात. साबणाच्या पाण्याने समोरच्या मुंग्याही मरतात आणि मागही पुसला जातो, तेही विषाचा थेंब न वापरता. मग नळी आणि केबल शक्य तितकी जमिनीपासून उचलून आधारावर घ्यावी. जिथे ती जमिनीला टेकतेच तिथे टेप गुंडाळून त्या टेपवर पेट्रोलियम जेलीचा किंवा कीटक अडकवणाऱ्या चिकट लेपाचा हातभर पट्टा द्यावा. जेली थेट रबरावर लावू नये, रबर खराब होते. पट्ट्यावर धूळ बसली की त्याचा उपयोग संपतो, तेव्हा तो अधूनमधून बदलावा लागतो. मग फटी. केबलचे झाकण, नळ्यांची भोके, सरकत्या खोलीच्या कडेचे रबर. कायमच्या फटी सिलिकोनने बुजवाव्यात. पण फ्रिज आणि वॉटर हीटरच्या बाहेरच्या जाळ्या कधीही बुजवू नयेत, गॅसवर चालणाऱ्या यंत्रांना हवा लागते.

आता आमिषाबद्दल. कॅरमबोर्डावर टाकतात ती बोरिक पावडर आपल्याला माहीत असते. तेच बोरिक ॲसिड साखरेच्या पाण्यात अगदी कमी प्रमाणात, म्हणजे एक टक्का किंवा त्याहूनही कमी, मिसळले की अर्जेंटाईन मुंगीवर ते फवाऱ्यापेक्षा कितीतरी परिणामकारक ठरते. प्रमाण कमी ठेवण्यातच सगळी युक्ती आहे. विष तीव्र असेल तर मुंगी वाटेतच मरते. सौम्य असेल तर ती पोट भरून घरी जाते आणि तोंडातून तोंडात ते पाणी इतरांना, राण्यांना, अळ्यांना भरवते. अशी द्रव आमिषे बंद डबीत तयार मिळतात. ती गाडीच्या आत न ठेवता बाहेर, रांगेच्या वाटेवर आणि मुले-कुत्र्यांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत. आत ठेवलेले आमिष म्हणजे मुंग्यांना घरात बोलावणेच. पहिल्या दिवशी डबीभोवती गर्दी उसळली तरी हात आवरावा, आणि तिच्याजवळ फवारा तर मुळीच मारू नये. फरक दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. त्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामात आमिषाला अर्थ नाही. तिथे पुसणे, वाट तोडणे आणि सकाळी निघणे एवढेच. ज्यांची गाडी महिनोन्‌महिने अंगणात किंवा साठवणीच्या आवारात उभी असते, आमिष त्यांच्यासाठी.

बंद गाडीत फवारा मारण्याला माझा आणखी एक कारणासाठी ठाम विरोध आहे. मोटरहोममधली हवा ती किती, आणि तिथेच चार-पाच माणसे झोपणार, जेवणार. बऱ्याच फवाऱ्यांतला दाबाचा वायू ज्वालाग्राही असतो आणि प्रोपेनवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये किंवा शेगडीत ज्योत पेटलेली असू शकते. चाकांभोवती कीटकनाशकाच्या पावडरीचे कडे घालण्याची पद्धतही सर्रास दिसते. पाऊस आला की ते सगळे शेजारच्या ओढ्यात जाते, आणि यांतली पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांसाठी अत्यंत घातक असतात. डायटोमेशियस अर्थ नावाची मातीची भुकटी त्या मानाने सौम्य, पण ती कोरडी असेपर्यंतच काम करते आणि नाकात जाऊ द्यायची नसते.

भारतातून येताना पिशवीत मुंग्या-झुरळांचा खडू टाकून आणणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ऐकावी. अमेरिकेत कीटकनाशकाची नोंदणी तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, असावी लागते आणि असे खडू तिथे बेकायदा आहेत. धोकाही उघड आहे: ते फळ्यावरच्या खडूसारखे दिसतात आणि मुले ते हातात घेतात, तोंडात घालतात.

दक्षिणेकडच्या राज्यांत गाडी नेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि अधिक गंभीर. टेक्सास, लुइझियाना, अलाबामा, फ्लोरिडा हा फायर अँटचा मुलूख. ही लाल मुंगी दक्षिण अमेरिकेतून अलाबामातल्या मोबील बंदरात १९३०च्या दशकात उतरली. पुढे जगप्रसिद्ध मुंगीतज्ज्ञ झालेल्या ई. ओ. विल्सन यांनी १९४२ मध्ये, शाळकरी वयात, मोबीलमधल्या एका मोकळ्या जागेत तिचे वारूळ टिपले होते. १९५८ पासून तिच्या प्रसाराविरुद्ध केंद्र सरकारचे निर्बंध आहेत. ती नांगी मारते. जागेची आग होते आणि साधारण दिवसभरात तिथे पांढरा फोड येतो. तो फोडू नये. ॲलर्जी असलेल्या माणसाला मात्र यातून श्वास कोंडण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. ओठ-घसा सुजला, धाप लागली, चक्कर आली तर घरगुती लेप शोधत न बसता ताबडतोब ९११ लावायचा.

तिचे वारूळ म्हणजे भुसभुशीत मातीचा ढीग, वर तोंड दिसत नाही, आणि पावसानंतर असे ढीग एकदम वर येतात. केबल, नळी पसरण्याआधी उजेडात जमीन पाहून घ्यावी. उघड्या चपलेने फिरू नये. या मुंगीला विजेच्या उपकरणांचे विलक्षण आकर्षण. झटका बसलेली मुंगी मरता मरता जो गंध सोडते, त्याने आणखी मुंग्या तिथे येतात, आणि त्यांच्या थराने स्विच बंद पडतात. कँपग्राउंडवरच्या वीजखांबाचे झाकण उघडताना म्हणूनच आधी आत पाहावे. मुंग्या असतील तर प्लग न लावता कार्यालयात सांगावे. ह्यूस्टनच्या परिसरात २००२ पासून टॉनी क्रेझी अँट ही आणखी एक जात पसरली आहे. ती वेडीवाकडी धावते, वारुळाचा ढीग करत नाही आणि विजेची उपकरणे ती फायर अँटपेक्षाही जास्त निकामी करते. फायर अँटला गोडापेक्षा तेलकट आमिष रुचते, तेव्हा कॅलिफोर्नियात चाललेली साखरपाण्याची डबी टेक्सासात चालेलच असे नाही.

आणि काळे, सेंटीमीटरभर लांबीचे मुंगळे गाडीतच दिसू लागले, कोपऱ्यात लाकडाचा बारीक भुसा पडू लागला, तर प्रश्न मुंगळ्यांचा कमी आणि छताच्या गळतीचा जास्त असतो. कारपेंटर अँट लाकूड खात नाही, ओले मऊ लाकूड पोखरून घर करते. अनेक मोटरहोमच्या भिंतींत लाकडी चौकटी असतात. तिथे आधी गळती शोधावी, औषधाचे पाहता येईल.

मराठी घरच्या प्रवासी डब्यांचाही विचार करायला हवा. स्टीलच्या डब्याचे झाकण कितीही घट्ट वाटले तरी मुंगीला पुरेशी फट त्यात असते. लाडू, गूळ, चिक्की, शंकरपाळे यांसाठी रबरी कडीची, चाप लावायची बरणीच हवी. फोडणीचे उडालेले तेल शेगडीच्या मागे साचते, ते रोज पुसावे. कचऱ्याची पिशवी रात्री आत राहू देऊ नये, कुत्र्याचे भांडे पाण्याच्या ताटलीत ठेवावे.

महाराष्ट्रातही शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कोकणात आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना पाने शिवून घरटी करणारे लाल मुंगळे भेटतील, आणि ते वरून, फांदीवरून येतात. चाकांइतकेच छताकडेही लक्ष ठेवावे लागेल.

त्या कुटुंबाची नळी उचलून बांधल्यावर आणि फट बुजवल्यावर आत येणाऱ्या मुंग्या थांबल्या. भिंतीत अडकलेल्या काही पुढच्या मुक्कामापर्यंत दिसत राहिल्या. बाहेरच्या वारुळाशी संबंध तुटला आणि आत राणी नसली की अशा मुंग्या हळूहळू संपतात. गाडी हलवल्यानंतर दोन-तीन आठवडेही रांग चालूच राहिली, तर मात्र आत वारूळ आहे असे धरून कीटकनियंत्रण करणाऱ्या परवानाधारक माणसाला बोलवावे.

या मुंग्या जगभर पसरल्या त्या जहाजांतून, रोपांच्या मातीतून, माणसांच्या सामानातून. कॅलिफोर्नियाच्या सीमेवर शेतीखात्याच्या तपासणी नाक्यांवर गाड्या थांबवून झाडे, फळे, जळण विचारतात, ते उगीच नाही. तिथे खरे सांगा, आणि निघण्याआधी एवढे करा: ठोकळे, पायरी, खुर्च्या, नळ्या झटकून धुऊन घ्या, कुंडीतली माती राज्याबाहेर नेऊ नका, आणि जळणाचे लाकूड मुक्कामाच्या गावीच विकत घेऊन तिथेच जाळा. उरले तर ते मागे ठेवून या.